झीज कोण भरून काढतं?



सध्या आपलं गीतेच्या तिसऱ्या अध्यायाचं वाचन सुरू आहे. आज चिंतनाला श्लोक १२ आणि १३ घेतले आहेत. अर्थ साध्या शब्दांत सांगतो. यज्ञाने तृप्त झालेले देव माणसाला हवं ते देत राहतात. पण त्यांनी दिलेलं त्यांना काहीच परत न करता जो एकटा भोगत बसतो, त्याला भगवंत चोर म्हणतात. पुढच्या श्लोकात सांगतात, की यज्ञ करून जे उरतं तेवढंच खाणारी माणसं दोषांतून सुटतात आणि जे फक्त स्वतःपुरतं शिजवतात ते पापच खातात.

हे दोन श्लोक मी आजवर कितीतरी वेळा वाचले असतील. पण 'चोर' हा शब्द आला, की दर वेळी मी तो दुसऱ्या कुणाच्या तरी खात्यावर टाकायचो. लाच खाणारे, कर बुडवणारे, लोकांचे पैसे घेऊन पळून जाणारे. गेल्या आठवड्यात तो शब्द आमच्याच रानात येऊन उभा राहिला. तेवढंच आज लिहितोय. जरा लांबलंय, चहा घेऊन बसा.

पुण्याहून कोल्हापूरला येताना पंचगंगेचा पूल लागायच्या आधी हायवेला लागून कारखान्यांची रांग दिसते. ती शिरोली एमआयडीसी. गाव पुलाची शिरोली. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पुराचं पाणी इथंच हायवेवर आलं आणि पुणे-बेंगळुरू वाहतूक थांबली, तेव्हा बातम्यांत तुम्ही हे नाव ऐकलं असेल. मी इथल्या एका मशीन शॉपमध्ये सीएनसी लेथ चालवतो. फौंड्रीतून ओतकाम येतं, ते आम्ही मापात आणतो. आणि कारखान्यांच्या भिंती संपतात तिथं आमचं २४ गुंठे रान आहे. रानातच घर. आई, आबा, मी आणि एक म्हैस.

इथली थंडी तुमच्याकडच्यासारखीच, पण तिचं वेळापत्रक वेगळं. पहाटे नदीकडून धुकं चढतं आणि भट्ट्यांच्या धुरात मिसळतं, मग कुठलं धुकं आणि कुठला धूर ते कळत नाही. फर्स्ट शिफ्टला निघालो की रस्त्याच्या कडेला वॉचमनची शेकोटी, टपरीवर आल्याचा चहा, आणि हायवेवरून उसाच्या ट्रॉल्यांची रांग. लांबून गुऱ्हाळाचा वास येतो. मार्गशीर्षात उसाला तुरे येतात. लांबून बघणाऱ्याला पांढरे तुरे फार सुंदर दिसतात, फोटो काढायला लोक गाडी थांबवतात. शेतकऱ्याला मात्र तुरा दिसला की घोर लागतो. तुरा आला म्हणजे उसाची वाढ थांबली. त्यानंतर फार दिवस उभा राहिला तर ऊस पोकळ पडत जातो, वजन घटतं. म्हणून थंडी पडली की प्रत्येक घरात एकच प्रश्न असतो : तोड कधी येणार?

तोड म्हणजे ऊसतोड मजुरांची टोळी. आमच्याकडे ती बहुतेक बीडकडून येते. दिवाळीच्या आसपास घर सोडायचं आणि कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे चार-पाच महिने, परमुलखात राहायचं. मुकादमाकडून आधी उचल घेतलेली असते, ती अंगावरच्या कामाने फेडायची. टोळीची मोजणी माणसांवर होत नाही, कोयत्यावर होते. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा आला तर अर्धा कोयता. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हसू आलं होतं. आता येत नाही.

आमच्या बांधाला लागून एक मोकळा प्लॉट आहे. दर वर्षी टोळीच्या कोप्या तिथंच पडतात. कोपी म्हणजे बांबूच्या कामट्या वाकवून वर पाचट आणि प्लास्टिक टाकलेली झोपडी; आत शिरायला वाकावं लागतं. टोळीला पाणी आमच्या बोअरचं. हे कुणी ठरवलेलं नाही, आबांच्या काळापासून चालत आलंय.

यंदा मी त्यात बदल केला. मागच्या हंगामात रात्री कुणीतरी मोटार चालू ठेवली, पाणी खाली गेलं, मोटार कोरडी फिरली आणि जळाली. रिवाइंडिंगला ६००० रुपये गेले. त्या वेळचा राग माझ्या मनात वर्षभर होता. यंदाची टोळी वेगळी आहे, माणसं वेगळी आहेत, हे मला माहीत होतं. तरी दिवाळीनंतर कोप्या पडल्या आणि मी स्टार्टरच्या पेटीला कुलूप घातलं. आबांना सांगितलं, "सकाळी अर्धा तास सोडायचं, बास. त्यात भरून घेतील." आबा काही बोलले नाहीत. किल्ली माझ्या बाइकच्या किल्लीला अडकवली. शिफ्ट बदलली की तो अर्धा तासही कधी कधी राहून जायचा.

माझ्या बाजूने मला सगळं बरोबर वाटत होतं. बोअर आमचं, मोटार आमची, वीजबिल आमचं. आणि मी काही फुकट काम करून घेत नव्हतो. तोडणीची मजुरी कारखाना आमच्या बिलातून कापून घेतो. शिवाय खुशाली द्यावी लागते ती वेगळी. गावाकडचे असाल तर हा शब्द माहीत असेल : तोड लवकर मिळावी म्हणून वरचे पैसे. नाव खुशाली, देणाऱ्याची काही खुशी नसते. मी हिशेब केला होता. मी देणं लागतो ते सगळं दिलंय, त्यापलीकडे पाणी ही माझी मर्जी.

मार्गशीर्षातल्या शेवटच्या गुरुवारी आमच्या घरी लक्ष्मीव्रताचं उद्यापन होतं. कोल्हापूर हे अंबाबाईचं गाव, इथं हे गुरुवार घरोघरी असतात. आईने कलश मांडला, पोथी वाचली, सवाष्णींना हळदीकुंकू दिलं. माझी सेकंड शिफ्ट होती. रात्री अकराच्या सुमारास घरी निघालो. हायवेवर ट्रक आणि उसाच्या ट्रॉल्या सुसाट चालल्या होत्या. हेडलाइटच्या उजेडात दुभाजकापाशी एक बाई दिसली. कमरेवर कळशी, दुसऱ्या हाताला सात-आठ वर्षांची मुलगी, आणि मुलीच्या हातात पाच लिटरचा कॅन. पलीकडच्या बाजूला एका हॉटेलाबाहेर नळ आहे, तिथून पाणी भरून परत येत होत्या. गाड्यांमध्ये फट मिळायची वाट बघत उभ्या होत्या.

मी त्यांना ओळखलं. आमच्या शेजारच्या कोपीतली बाई. किल्ली माझ्या बाइकला लटकत होती. मी थांबलो नाही.

मंडळी, हे वाक्य लिहायला मला दोन दिवस लागले. मी स्वतःला तेव्हा सांगितलं, की मागून गाड्या आहेत, इथं थांबणं धोक्याचं आहे. ते खरंही होतं. पण घरी गेल्यावर कुलूप काढायला तर कुठली गाडी आडवी नव्हती. मी हातपाय धुतले, त्याच बोअरच्या पाण्याने, कलशाला नमस्कार केला, उद्यापनाची खीर खाल्ली आणि झोपलो.

दुसऱ्या दिवशी अमावास्या. आमच्या रानाची तोड आदल्या दिवशीच सुरू झाली होती, अर्धा फड पडला होता. सकाळी ती बाई दारात आली. हात कोपरापर्यंत पाचटाने ओरबाडलेले. मला वाटलं, पाण्याचं बोलणार. मी उत्तर तयार ठेवलं. ती आईला म्हणाली, "मावशी, आज आमच्याकडं येळवस असती. रानात पांडव मांडायचेत. तांब्याभर ताक मिळंल का? अन् मालक हो म्हनले तर बांधाचा एक कोपरा."

येळवस म्हणजे वेळ अमावास्या. लातूर, धाराशिव, सोलापूर आणि त्यांना लागून असलेल्या बीडच्या भागात हा मोठा सण. मार्गशीर्ष अमावास्येला तिकडची गावं ओस पडतात, सगळे आपापल्या रानात जातात. तिथं कडब्याची कोप उभी करतात, आत पाच दगडांना चुना लावून मांडतात, ते पांडव. ज्वारीच्या पिठाची, ताकातली आंबील, सगळ्या शेंगाभाज्या एकत्र करून बेसन लावून शिजवलेली भज्जी, बाजरीचे उंडे असा नैवेद्य. मग आंबील रानभर शिंपडतात. शेजाऱ्यापाजाऱ्यांना, वाटसरूंना हाताला धरून जेवायला बसवतात. ही बाई अंबाजोगाईकडची. तिचं स्वतःचं दोन एकर कोरडवाहू रान तिकडे आहे.

आबा म्हणाले, "मांड की कुठं बी. ईचारतीस काय?"

मी विचारलं, "पण रान तर तुमचं नाही. इथं कशाला?" मला खरंच कळत नव्हतं.

ती म्हणाली, "आमचं रान लांब ऱ्हायलं, दादा. तिकडं सासू करंल. औंदा आम्ही राबतोय ह्या रानात, मग पूजा बी ह्याचीच."

कडबा इथं कुठला? त्यांनी उसाच्या वाढ्यांची कोप केली, गुडघाभर उंचीची. पाच दगड आमच्याच बांधाचे. टोळीतल्या चार-पाच घरांनी मिळून केलं. दुपारी तासभर कोयते थांबले. तिच्या मुलीने वाटीतून आंबील घेतली आणि तोडलेल्या फडातून, बुडख्यांमधून अनवाणी पळत शिंपडत गेली. आईच्या ताकाची आंबील झाली होती, ती आमच्या रानावर पडत होती. मग पहिलं ताट आमच्याकडे आलं. आबांना, आईला, मला. पुरुष जेवले, पोरं जेवली. ती सगळ्यात शेवटी बसली, भांड्याच्या तळाशी उरलं होतं ते घेऊन.

पाण्याबद्दल ती एक शब्द बोलली नाही. आदल्या रात्री बाइकवर मी होतो हे तिला कळलं होतं का, तेही मला माहीत नाही.

आता आजच्या श्लोकांकडे या.

यज्ञ म्हटलं, की आपल्या डोळ्यांसमोर कुंड, समिधा, तूप येतं. ज्ञानोबांनी या अध्यायात यज्ञाचा अर्थ स्वधर्माचं आचरण असा उलगडून दाखवला. विनोबांनी १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचनं दिली, साने गुरुजींनी ती लिहून घेतली. त्यात सतराव्या अध्यायावर बोलताना त्यांनी फार उपयोगाची गोष्ट सांगितली आहे. आपण जगतो म्हणजे सतत काहीतरी झिजवत असतो. सृष्टीची झालेली झीज भरून काढणं हा यज्ञ. समाजाकडून घेतलेलं फेडणं हे दान. शरीराची शुद्धी हे तप. हे मी माझ्या शब्दांत सांगतोय, मूळ पुस्तक जरूर वाचा.

'झीज' हा शब्द मला लगेच कळतो, कारण माझं पोट त्याच्यावर आहे. लेथवर ओतीव लोखंड कापताना टूलची धार झिजते. डोळ्याला दिसत नाही, पण पन्नास-साठ नग झाले की माप काही मायक्रॉनने सरकतं. म्हणून मशीनच्या स्क्रीनवर झिजेचा वेगळा तक्ता असतो. दर काही नगांनी माप घ्यायचं आणि जेवढं झिजलं तेवढी भर टाकायची. नाही टाकली तर मशीन कुरकुर न करता चालतच राहतं आणि नग मात्र एकामागून एक चुकीचे पडत जातात. कंपनीच्या हिशेबातसुद्धा मशीनच्या झिजेला जागा आहे, तिला घसारा म्हणतात. दर वर्षी तो वजा करतात, म्हणजे दहा वर्षांनी मशीन मेलं तर त्याची आठवण कागदावर आधीपासून असते.

त्या बाईच्या झिजेचा तक्ता कुठे आहे?

दोघं नवरा-बायको मिळून दिवसाला साधारण दोन टन ऊस तोडतात, असं तिचा नवरा म्हणाला. वाकून बुडख्यातून तोडायचा, शेंडा छाटायचा, मोळी बांधायची, डोक्यावर घ्यायची आणि फळीवरून चढून ट्रॉलीत टाकायची. २०२४ च्या जानेवारीत तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली, तरी तोडणीचा दर टनाला चारशेच्या आतच राहिला. २०१९ मध्ये बीडमधल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न इतका पुढे आला, की राज्य सरकारला समिती नेमावी लागली. काम बुडू नये, खाडा पडू नये, म्हणून शरीराचा एक भागच काढून टाकायचा. मशीनला आपण असं कधी वागवत नाही.

मजुरी कामाची होते. झालेली झीज तिच्यात धरलेलीच नसते. आणि माझा सगळा युक्तिवाद या एका जागी मोडला. मी म्हणत होतो, देणं लागतो ते सगळं दिलंय. पण मी दिली होती ती किंमत. गीता किमतीबद्दल बोलतच नाहीये. बाराव्या श्लोकातला चोर पैसे न देणारा नाही. ज्याच्या जिवावर आपलं चाललंय त्याला परत काही न देता भोगत बसणारा आहे. तो पावत्या सांभाळून ठेवणारा, वेळेवर बिल भरणारा, गुरुवारी खीर खाणारा सभ्य माणूस असू शकतो. त्याच्या किल्लीला कुलपाची एक जास्तीची किल्ली असते, एवढंच.

मी हे आबांना बोलून दाखवलं, तर ते भडकले. त्यांचंही ऐकून घ्या, कारण ते खोटं नाही. म्हणाले, "आमची झीज कोण भरतंय? २०२५-२६ च्या हंगामाला एफआरपी टनाला ३५५० म्हणत्यात, ते १०.२५ टक्के उताऱ्याला. त्यातनं तोडणी-वाहतूक वजा. खताचं पोतं, लागण, भांगलण, पुरात बुडालेलं साल, ते कोण देतंय? वर खुशाली देऊन तोड आणायची. आणि तू मलाच चोर ठरव."

आबांचं बरोबर आहे. २४ गुंठ्यांचा शेतकरी कुणाला लुटून श्रीमंत होत नाही. २६ टन ऊस जाईल तेव्हा हातात काय उरतं ते मला माहीत आहे. घर माझ्या पगारावर चालतं. या साखळीत वरच्याने खालच्याला दाबायचं, असंच चाललंय आणि आम्ही काही वर नाही. पण मी यावर दोन दिवस विचार केला. माझी झीज कुणी भरत नाही, हे मी तिची न भरायचं कारण होऊ शकतं का? असं प्रत्येकाने म्हटलं तर ते चक्र कुठूनच फिरायला लागणार नाही. तिसऱ्या अध्यायात पुढे तेच येतं : अन्नातून प्राणी, पावसातून अन्न, यज्ञातून पाऊस, कर्मातून यज्ञ. हे फिरतं चाक जो पुढे ढकलत नाही तो फुकट जगतो. चाक तुमच्यापर्यंत नीट फिरून आलंय का, हे बघून मग ढकला, अशी अट भगवंतांनी घातलेली नाही.

आणि मला कुणी कारखान्याचे दर बदलायला सांगत नव्हतं. माझ्या हातात एक किल्ली होती. जेवढं हातात होतं तेवढंच मी केलं नव्हतं.

त्या पाच दगडांकडे बघताना मला महाभारतातलं विराटपर्व आठवत राहिलं. अज्ञातवासात पांडव विराट राजाच्या घरी चाकरीला होते. भीम स्वयंपाकघरात, नकुल घोड्यांकडे, सहदेव गाईंकडे, अर्जुन नृत्य शिकवायला, द्रौपदी राणीची सैरंध्री. धर्मराज कंक होऊन राजाशी फासे खेळायचा. एकदा विराटाने रागाच्या भरात फासा त्याच्या तोंडावर मारला, नाकातून रक्त आलं. ते रक्त जमिनीवर पडू नये म्हणून द्रौपदीने ते भांड्यात झेललं. पडलं असतं तर विराटाच्याच राज्यावर संकट आलं असतं. ज्याने मारलं त्याला यातलं काही माहीत नव्हतं. ज्यांना मारलं तेच त्याला सांभाळून घेत होते.

मला हीच गोष्ट सगळ्यात जास्त टोचते. विराट वाईट राजा नव्हता. त्याने त्यांना आसरा दिला, पगार दिला. फक्त आपल्या घरी कोण राबतंय हे त्याने कधी नीट पाहिलं नाही. आमच्या रानात पांडव मांडले गेले, ते मांडणारे स्वतः चार-पाच महिन्यांच्या वनवासात होते, आणि मी विचारत होतो, रान तर तुमचं नाही, मग इथं कशाला? सातबाऱ्यावर रान आमचं. पण गेल्या कित्येक वर्षांत आम्ही त्याची पूजा केली नव्हती. त्याच्यावर आंबील शिंपडली ती अर्धा कोयता म्हणून मोजल्या जाणाऱ्या बाईच्या पोरीने.

संध्याकाळी मी पेटीचं कुलूप काढलं. यात काही मोठेपणा नाही, उशिरा केलेली साधी गोष्ट आहे. तिच्या नवऱ्याला मोटार कशी बंद करायची ते दाखवलं. कोरडी फिरली तर आपोआप बंद पडायचं यंत्र मिळतं, ते मी पुढच्या पगारात बसवणार आहे. वर्षभर राग बाळगण्यापेक्षा हे आधीच करता आलं असतं. आईने काही अध्याय वाचला नव्हता. रविवारी तोड संपली तेव्हा तिने त्या बाईला देवासमोर पाटावर बसवून खणानारळाने ओटी भरली. म्हणाली, "गुरुवारी सवाष्णी लांबनं बोलावल्या, ही बांधापलीकडं होती, माझ्या ध्यानातच नाही आलं." आईने ते स्वतःवर घेतलं. कुलूप माझं होतं.

यामुळे तिची झीज भरली का? नाही. तिचा खांदा दुखतोच आहे, मुलीची शाळा बुडतेच आहे. गावाकडे हंगामी वसतिगृह असतं, पण मुलगी लहान आहे म्हणून आईने बरोबर आणली. मी कळशीभर पाणी देऊन स्वतःला सोडवून घेतलं, असं मला वाटून घ्यायचं नाहीये. पापक्षालन स्वस्तात झालं की माणूस पुढच्या वर्षी परत कुलूप लावतो.

एक प्रश्न अजून बाकी होता, जमिनीचा. ऊस गेल्यावर रानात पाचटाचा थर राहतो. आमच्याकडे बरेच जण काडी लावतात. तासा-दोन तासांत रान मोकळं होतं आणि खोडव्याला पाणी सोडता येतं. आम्हीही दर वर्षी लावायचो. पाचट सरीत दाबायचं, बुडखे जमिनीलगत छाटायचे, वर थोडा युरिया, सुपर फॉस्फेट आणि कुजवणारं जिवाणू खत टाकायचं, याला चार दिवस अंगमेहनत लागते. पण उसाने वर्षभर जमिनीतून जे ओढलं त्यातलं काहीतरी तिला परत मिळतं. जाळलं तर बरंचसं धुराबरोबर जातं.

सोमवारी सकाळी आबा काडेपेटी घेऊन बांधावर गेले आणि परत आले. म्हणाले, "ते दगड हाईत न्हवं तिथं. चुना काळा पडंल." मी म्हटलं, दगड उचलून घरी ठेवू. ते म्हणाले, "ऱ्हाऊ देत." मग दोघांनी मिळून पाचट सरीत ओढायला घेतलं. माझी सेकंड शिफ्ट होती, दुपारपर्यंत चार सऱ्या झाल्या. हातांवर तेच ओरखडे उठले, जे मी त्या बाईच्या हातांवर पाहिले होते. तिला रोज उठतात, मला चार सऱ्यांत उठले.

आता तुमच्याबद्दल. तुमच्याकडे रान नसेल, बोअर नसेल. पण किल्ली असते. सोसायटीची लिफ्ट कामाला येणाऱ्या मावशींनी वापरायची की नाही, ही किल्ली आहे. जेवण घेऊन आलेल्या पोराला उन्हातून, थंडीतून आल्यावर पाणी विचारायचं की दार अर्धं उघडून पाकीट ओढून घ्यायचं. वॉचमनला बसायला खुर्ची, स्वच्छतागृह आहे का, हे मीटिंगमध्ये कुणी विचारायचं. आपण म्हणतो, पैसे देतो ना. देतो, आणि द्यायलाच हवेत, वेळेवर आणि पुरेसे. त्यानंतरही जे माप सरकलेलं असतं, त्याची भर टाकायची जागा आपल्याच हातात असते.

आजचा संकल्प छोटासाच करू. आज रात्री जेवायच्या आधी ताटाकडे बघून एकच प्रश्न विचारायचा : हे माझ्यापर्यंत येताना कोण झिजलं? सगळी नावं सापडणार नाहीत. एक चेहरा सापडला तरी चालेल. आणि त्या एका माणसासाठी आपल्याकडे कुठलं कुलूप आहे, ते उद्या सकाळी शोधायचं. ते काढल्याशिवाय श्लोक १४ वाचायचा नाही, असं मी स्वतःपुरतं ठरवलंय.

टोळी अजून शेजारीच आहे, आता पलीकडच्या फडात तोड चालू आहे. आत्ता हे लिहिताना पहाटेचे साडेपाच झालेत. बाहेर धुकं आहे, आणि मोटार चालू झाल्याचा आवाज येतोय. कळशी भरेल, मग बंद होईल.

राम कृष्ण हरी.